दोन कार्डांचे नागवेकर

नागवेकरांनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं.

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून, दुसऱ्यांना नापास करण्यात हयात घालवून मी नुकती निवृत्त झाले होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका शेडच्या मागच्या खोलीत अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करतात, वाचायला माणसं हवी आहेत, असं कानावर आलं म्हणून आपण होऊन तिथे गेले. माझा आवाज ऐकून मंडळी धन्य होतील अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला काचेमागच्या एवढ्याशा जागेत बसवलं, पुढ्यात पुस्तक आणि माईक. मी पानभर वाचलं, अगदी चढउतारांसकट. काचेपलीकडे कॉम्प्युटरसमोर पन्नाशीचे एक गृहस्थ मान तिरकी करून ऐकत बसले होते. माझं पान संपलं तसं त्यांनी बटण दाबलं आणि त्यांचा आवाज माझ्या कानात आला.

"बाई, तुम्ही वाचताय कुठं? तुम्ही शिकवताय. ऐकणारा काय तुमच्या बाकावर बसलाय?"

मला राग आला. राग आला की माझा आवाज खाली उतरतो. "मग कसं वाचू?" मी विचारलं.

"हे आता बोललात ना, तसं," ते म्हणाले. "आता बरोबर माणसात आलात."

हे यशवंत नागवेकर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गोवर झाला आणि त्यात दोन्ही डोळे गेले. ही माहिती मला दुसऱ्यांकडून मिळाली. ते स्वतः डोळ्यांचा विषय काढत नसत. कानांबद्दल मात्र त्यांना भारी गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नसे. शेजारच्या कारखान्यात लोखंड कापायचा कटर होता. तो सुरू झाला की आमचं वाचन बंद. पण कटर सुरू व्हायच्या आधीच नागवेकर हात वर करून मला थांबवत आणि मग तो खरोखरच सुरू होई. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. "तो माणूस कटर लावायच्या आधी खाकरतो," ते म्हणाले. मधे चिऱ्याची भिंत, भिंतीला आतून गाद्या ठोकलेल्या. मला त्यातून ते खाकरणं कधी ऐकू आलं नाही.

एकदा मी येऊन बसले, तोंडही उघडलं नव्हतं, तर म्हणाले, "आज राहू दे. तुम्ही रडून आलाय."

खरंच आले होते. माझा भाऊ आदल्या आठवड्यात गेला होता आणि मी ते तिथे कुणाला बोलले नव्हते. "नाकाने श्वास घेताना अडखळताय," एवढंच ते म्हणाले आणि चहा मागवला. त्या दिवशी आम्ही वाचलं नाही. चहा पीत गप्प बसून होतो. मला वाटतं, भाऊ गेल्याचं खरं दुःख मी त्या खोलीतच केलं.

वाचणाऱ्यांसाठी त्यांचा एकच नियम होता आणि तो ते प्रत्येक नव्या माणसाला त्याच शब्दांत सांगत: "चूक झाली तर थांबायचं नाय. श्वास घ्यायचा, वाक्य परत वाचायचं. मागचं मी कापतो." माणसं चुकली की ओशाळतात, जीभ चावतात, माफी मागतात. त्यांना ते आवडत नसे. माफीसुद्धा कापत बसावी लागते, असं म्हणत. मी पहिल्या पुस्तकात किती चुकले असेन याला गणती नाही, पण पुस्तक तयार होऊन आलं तेव्हा त्यात मी एकदाही चुकलेली नव्हते. आयुष्यात दुसऱ्या कुणी माझ्यावर एवढे उपकार केलेले नाहीत.

आता त्या दोन कार्डांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

नागवेकरांच्या कॉम्प्युटरमध्ये बोलणारी एक बाई होती. म्हणजे पडद्यावर जे काही असेल ते वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज. अंध माणूस कॉम्प्युटर चालवतो तो त्या आवाजावर. कुठलंही बटण दाबलं की ती बोलणार, बाण खाली नेला की पुढची ओळ वाचणार, पूर्णविराम आला की तोही मोठ्याने 'पूर्णविराम' म्हणून सांगणार. नागवेकर तिला 'बायो' म्हणत. बायो त्यांच्याकडे इतकी भरभर बोलायची की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा नुसता सळसळाट ऐकू यावा. आम्हा डोळसांना त्यातलं अक्षर कळत नसे. नागवेकरांना सगळं कळे आणि तेवढ्यात ते माझ्याशी गप्पाही मारत.

सुरुवातीला कॉम्प्युटरला आवाजाचं कार्ड एकच होतं. बायोचं बोलणं आणि आमचं वाचन, सगळं त्यातूनच जा-ये करायचं. त्यामुळे एकदा अनर्थ झाला. एका कादंबरीत नायिकेची आई मरणाला टेकते, मुलीचा हात हातात घेते, काहीतरी सांगायला ओठ उघडते, आणि तेवढ्यात बायो म्हणते, "बॅटरी दहा टक्के." ते तसंच सगळीकडे गेलं. लांज्याहून एका ऐकणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. अतिशय आदराने त्यांनी विचारलं, "हे पुस्तकातलंच आहे का हो?"

आम्ही पोट धरून हसलो. नागवेकर हसले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी दुसरं कार्ड आणवलं, काडेपेटीएवढी डबी, वायरने कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायची. मग दोन जुने हेडफोन घेतले, दोन्ही मधोमध कापले आणि एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा अशा वाट्या काळ्या टेपने एकत्र बांधल्या. डाव्या वाटीत पहिलं कार्ड, म्हणजे बायो. उजव्या वाटीत डबीचं कार्ड, म्हणजे आम्ही वाचणारे. "घरात एकच नळ असला की पिण्याचं नि गुरांचं पाणी एकच," ते मला म्हणाले. "आता नळ दोन. डावा कान यंत्राचा, उजवा कान माणसांचा. दोघांची गाठ पडता कामा नये."

डबीची वायर कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या एका ठराविक भोकातच गेली पाहिजे, नाहीतर यंत्र गोंधळतं आणि कार्डांची अदलाबदल करतं, असं ते सांगत. त्या भोकाच्या वर त्यांनी लाखेचा एक ठिपका लावून ठेवला होता. बोट फिरवलं की हाताला लागायचा. वायर काढली-घातली की आधी ठिपका चाचपायचा, मग खोचायची. हे काम ते कुणाला करू देत नसत.

एका बाबतीत आमचं नेहमी वाजायचं. रत्नागिरीकडची माणसं वाक्याच्या शेवटी हेल काढतात. शाळेत मी तो हेल मोडून काढण्यात वर्षानुवर्षं घालवली होती. नागवेकर तो ठेवायला सांगत. "पुण्याकडचं वाचून दाखवायला पुण्यात माणसं हायत. आमच्या लोकांनी आमचं बोलणं ऐकायचं कुठं?" कुणाच्या वाचनात हेल आला की त्यांचा चेहरा असा खुलत असे, की मला माझ्या वर्गातली सगळी पोरं आठवून वाईट वाटे. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात तर तो गच्च भरलेला होता. साधं "चहा सांगा" म्हणाले तरी ते जयगडच्या खाडीवरून आल्यासारखं वाटे.

त्यांची बायको, वनितावहिनी, रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. वहिनी डोळस. दोघांचा संसार सगळा बोलण्यावर चालला होता. डबा उघडताना वहिनी आजूबाजूला काय काय दिसलं ते सांगत, रस्त्यात कोण भेटलं, कुणाच्या अंगावर काय होतं, आणि नागवेकर जेवत जेवत ऐकत. "अवो, त्या पाटणकरणीने हिरवं नेसलं होतं, नुसता पोपट," असं काहीतरी. ते हसत. वहिनी हळू आवाजात बोलायच्या. त्यांना मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती एका सकाळी. मी काचेमागे जायच्या आधी चप्पल काढत होते आणि नागवेकरांच्या हेडफोनमधून बायोचा आवाज बाहेर झिरपत होता. ती म्हणाली, "प्रकरण सातवे पूर्णविराम." मी आत जाऊन बसले, पुस्तक उघडलं आणि मग माझ्या लक्षात आलं की बायोचं बोलणं मला कळलं.

पाच वर्षांत तिचा एक शब्द मला कळला नव्हता. आता ती इतकी सावकाश आणि इतक्या मोठ्याने बोलत होती की मी शाळेतल्या मुलीसारखी तिच्यामागून म्हणू शकले असते. मी नागवेकरांकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच बसले होते.

पुढच्या काही महिन्यांत ती आणखी सावकाश झाली. मग एक दिवस मी पाहिलं तर हेडफोन उलटा घातलेला. बायो उजव्या कानात गेली होती आणि आम्ही डाव्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. पण तयार होऊन येणाऱ्या पुस्तकांत आता आमच्या चुका राहू लागल्या. एका ठिकाणी मी तेच वाक्य दोनदा वाचलेलं तसंच होतं. दुसऱ्या एका पुस्तकात कटर ऐकू येत होता. शेजारी कटर लागला की हल्ली मीच हात वर करायचे, आणि नागवेकर काचेपलीकडून ते बघू शकत नसल्यामुळे तसेच बसून राहायचे. मग मी आपणच थांबायचे.

आता कळतं की डावा कान गेला होता आणि उजवाही निघाला होता. उरलेला चांगला कान त्यांनी यंत्राला दिला, कारण बायो ऐकू आली नाही तर कॉम्प्युटरला हातच लावता आला नसता आणि ते काम सुटलं असतं. आमचे आवाज त्यांनी गेलेल्या कानाकडे सरकवून दिले. म्हणजे शेवटचं वर्षभर ते आम्हाला ऐकतच नव्हते. त्यांना नीट ऐकू येत नाही एवढं मला तेव्हाही समजलं होतं आणि मी गप्प बसले. शहाणपणा म्हणून गप्प बसले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटली. जो माणूस माझा अडखळलेला श्वास ओळखत होता, त्याला मी काय विचारणार होते?

आमचं शंभरावं पुस्तक पूर्ण झालं तेव्हा संस्थेचे चिटणीस सावंत यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये छोटा समारंभ ठरवला. नागवेकरांना शाल-श्रीफळ आणि मग पुस्तकातला थोडा भाग सगळ्यांना ऐकवायचा. कॉम्प्युटर हॉलमध्ये नेला. टेबल भिंतीला टेकवलेलं, मागे हात जेमतेम जाईल एवढी फट. नागवेकरांना फुलांचे हार घालायला माणसं घेऊन गेली होती, म्हणून डबीची वायर मी खोचली.

लांबून त्यांनी विचारलं, "बाई, ठिपक्याखालीच ना?"

"हो, हो," मी म्हटलं. मी ठिपका बघितला नव्हता. हाताला जे भोक लागलं त्यात खोचली होती.

समारंभ सुरू झाला. मी स्टेजवर खुर्चीत, नागवेकर बाजूला टेबलाशी, हॉल त्यांच्या डाव्या हाताला. उजव्या कानावर हेडफोनची एक वाटी बांधलेली, त्यात बायो बोलणार, आणि डबीतून पुस्तकाचा आवाज हॉलच्या स्पीकरवर जाणार. वनितावहिनी पहिल्या रांगेत, नव्या साडीत.

नागवेकरांनी बटण दाबलं. स्पीकरमधून बायोचा आवाज घुमला, "फाईल उघडा बटण."

लोक हसले. मीही हसले. मला वाटलं, आता ते सावरतील.

पण त्यांच्या कानात काहीच आलं नव्हतं. त्यांना वाटलं, बायो बंद पडली. म्हणून तिला बोलतं करायला ते एकामागून एक बटणं दाबत सुटले. प्रत्येक बटणाला ती हॉलभर बोलत होती, सावकाश, मोठ्याने, प्रत्येकाला कळेल अशी. त्यांच्या डाव्या अंगाला एवढा मोठा आवाज होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. पडद्यावर उघडलेल्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाता जाता ते एका पत्रावर आले. अर्धवट लिहून ठेवलेलं, कधीच न पाठवलेलं पत्र. त्यांनी बाण खाली नेला. ती बोलली नाही असं समजून आणखी खाली नेला. मग सगळं सलग वाचायचं बटण दाबलं.

"मा पूर्णविराम चिटणीस साहेब स्वल्पविराम माझा डावा कान पूर्ण गेला आहे पूर्णविराम उजवाही जात आहे पूर्णविराम डॉक्टर म्हणतात नस सुकली स्वल्पविराम यंत्र लावूनही उपयोग नाही पूर्णविराम गेले वर्षभर मी पुस्तके न ऐकता पुढे पाठवली स्वल्पविराम याची मला लाज वाटते पूर्णविराम ही गोष्ट वनिताला माहीत नाही पूर्णविराम ती काय बोलते ते मला कळत नाही स्वल्पविराम मी अंदाजाने हसतो पूर्णविराम"

दुसऱ्या वाक्यालाच मी उठायला हवं होतं. शेवटी उठले, टेबलापाशी गेले आणि वायर उपटली.

नागवेकरांच्या हाताला वायर हलल्याचं कळलं. "कोण ते? हात लावू नका," ते चिडून म्हणाले. "बायो बंद पडलेय. बोलतच नाय."

वनितावहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आल्या, कानावरची वाटी काढली आणि वाकून मोठ्याने म्हणाल्या, "घरी चला." त्यांचा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"कार्यक्रम?" नागवेकरांनी विचारलं.

"झाला."

शाल आणि नारळ सावंतांनी दुसऱ्या दिवशी घरी पोचवले. तांत्रिक बिघाड झाला असं संस्थेच्या वहीत लिहिलं गेलं. काय झालं ते कळल्यावर नागवेकर म्हणत राहिले की वायर त्यांनीच तपासून बघायला हवी होती, चूक त्यांची. मी ते ऐकलं आणि तेव्हाही गप्प बसले. दोन महिन्यांनी ते दोघं जयगडला गावी राहायला गेले. त्यांच्या खुर्चीत आता एक डोळस मुलगी बसते. कामाला चांगली आहे. वाचणाऱ्यांचे हेल ती कापत नाही, पण तिला ते ऐकूही येत नाहीत बहुतेक.

मला जायला दीड वर्ष लागलं. गुडघे, एसटी, पाऊस अशी कारणं मी स्वतःला देत होते.

नागवेकर पडवीत बसले होते. समोर खाडी, पलीकडे बंदरातल्या क्रेन. एक मोठं जहाज भोंगा देत आत येत होतं. मी दचकले. ते दचकले नाहीत. उजवा कानही गेला होता. वनितावहिनी त्यांच्या शेजारी पाटावर बसल्या, त्यांचा तळहात मांडीवर घेतला आणि त्यावर बोटाने भराभर अक्षरं काढली. इतक्या भराभर, की मला एकही ओळखता आलं नाही.

"साळवीबाई!" नागवेकर म्हणाले. "गुडघे कसे हायत?"

शब्द सगळे बरोबर होते, पण हेल गेला होता. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज सपाट झाला होता, सगळी अक्षरं एका उंचीची. मला बायो आठवली.

"माझ्याशीपण असंच बोलतात," वहिनी मला म्हणाल्या. "मी अंधारात ऐकलं तर ओळखायची नाय."

त्यांनी दिवसभरातलं काय काय तळहातावर लिहिलं, कोण गेलं, कुणी काय नेसलं होतं. नागवेकर हसले. या वेळी अंदाजाने नव्हे, ते दिसत होतं. कोकम सरबत झालं. माझ्या गाडीची वेळ होत आली. मी उठले आणि परत बसले.

जे सांगायला आले होते ते त्यांना सांगायचं तर आधी वहिनींना सांगावं लागणार होतं, कारण त्या तळहातावर लिहिणं फक्त त्यांनाच जमायचं. हे माझ्या लक्षात येतायेताच तोंडून निघून गेलं. "वहिनी, त्यांना सांगा, त्या दिवशी वायर मी लावली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. ठिपका मी बघितलाच नव्हता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, त्या लिहिणार नाहीत. मग त्यांनी मान खाली घातली आणि एकेक अक्षर सावकाश लिहिलं, इतकं सावकाश की आता मलाही वाचता येत होतं. ठि. प. का.

नागवेकर मान तिरकी करून बसले होते, ऐकायचे तेव्हा बसत तसे. लिहून झाल्यावर ते त्या सपाट आवाजात म्हणाले, "चूक झाली तर थांबायचं नाय, बाई. श्वास घ्यायचा. वाक्य परत वाचायचं. मागचं मी कापतो."

आणि तळहात वहिनींच्या मांडीवरून उचलून त्यांनी माझ्या दिशेने पुढे केला, उघडाच, मी वाक्य परत वाचेन म्हणून.